एमजीबी घरी आणल्यावर : दोष कोणता आणि स्वभाव कोणता

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, पहिल्यांदाच विकत घेतलेल्या माणसाच्या पहिल्या महिन्यातील तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. चावी फिरवली की मागच्या बाजूने टकटक ऐकू येते, चालत्या गाडीत पहिला गिअर पडत नाही, रात्रभर उभ्या गाडीखाली तेलाचा थेंब दिसतो, पाऊस झाला की पायाखालची सतरंजी ओली होते, आणि चाक काढायला बसावे तर नट नेमका कोणत्या बाजूला फिरवायचा हेच कळत नाही. या पाचांपैकी चार गोष्टी कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाही तशाच होत्या. त्या माहीत नसल्यामुळे चांगले भाग काढून फेकले जातात, विनाकारण खर्च होतो आणि कधीकधी खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष होते. इंग्लंडमध्ये राहून १९६६ सालची उघड्या टपाची एमजीबी मी काही वर्षे सांभाळत आलो आहे. नव्या मालकाने पहिल्या काही आठवड्यांत कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि त्या तपासणीत गाडीचे कोणते फारसे माहीत नसलेले स्वभाव समोर येतात, ते या लेखात मांडले आहे.

पायरी १ : गाडी नेमकी कोणती आहे ते आधी ठरवावे

एमजीबीचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे झाले आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १७९८ सीसीचे इंजिन शेवटपर्यंत कायम राहिले, परंतु त्याच्या आजूबाजूचे जवळजवळ सगळे कधी ना कधी बदलले. म्हणून 'एमजीबीला कोणता भाग लागतो' या प्रश्नाला साल आणि क्रमांक सांगितल्याशिवाय उत्तर नसते.

गाडीच्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे वाचायला शिकावे. 'जीएचएन ३' मधील 'जी' म्हणजे एमजी, 'एच' म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट, 'एन' म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी आणि ३ म्हणजे मालिका; बंद छपराच्या जीटीसाठी 'एन'च्या जागी 'डी' येतो. सुरुवातीच्या, म्हणजे १९६४ च्या उत्तरार्धापर्यंतच्या, इंजिनात क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याला, तीन मुख्य बेअरिंग होती. पुढे ती पाच झाली. हा तपशील नव्या मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारे रबरी सील नसतेच. तेथे शाफ्टवर आट्यांसारखी एक खाच कोरलेली असते आणि शाफ्ट फिरत असताना ती खाच तेलाला परत आत ढकलते. इंजिन बंद झाले की ढकलणारे कोणी उरत नाही आणि थोडे तेल खाली येते. गाडी उभी केल्यावर पडणारे दोन-चार थेंब हा त्या रचनेचा भाग आहे. चालत्या इंजिनातून सतत गळणारे तेल मात्र दोष समजावे.

एक लहान लोहचुंबक खिशात ठेवावे. सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्यांचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे होते, पुढे ते पोलादी झाले. चुंबक चिकटले नाही तर बॉनेट बंद करताना एका कोपऱ्यावर जोर देऊ नये, दोन्ही तळहात पसरून दाबावे. हा पत्रा लवकर दबतो आणि दबलेला सरळ करणे कठीण असते. अमेरिकेतून परत आलेली १९६० च्या दशकाच्या अखेरची उघडी गाडी असेल आणि तिला तीन वायपर दिसले तर कोणी हौसेने तिसरा बसवला असे समजू नये. काचेचा ठरावीक भाग पुसला गेलाच पाहिजे असा नियम अमेरिकेत आला, एमजीबीची काच बुटकी आणि रुंद, म्हणून कारखान्यानेच तिसरा वायपर दिला. १९७४ च्या अखेरीस आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या जमिनीपासून अधिक उंच असण्याचे कारणही अमेरिकेचे नियमच आहेत. त्या गाड्या वळणावर जास्त झुकतात. त्यासाठी स्प्रिंगा बदलण्याची घाई करू नये.

भारतात अशी गाडी बाळगणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना देतो. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या चारचाकींची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी जसे आहे तसे सर्व बाजूंनी छायाचित्रांत टिपून ठेवावे.

पायरी २ : योग्य पाने जमवावेत

या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि मिलिमीटरचे पाने त्यांवर जवळजवळ बसतात. अडचण त्या 'जवळजवळ'मध्ये आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना सहज बसतो, दोन वेळा नट सुटतोही, आणि तिसऱ्या वेळी नटाचे कोपरे घासून गोल होतात. सात-षोडशांश, अर्धा आणि नऊ-षोडशांश इंचाचे चांगले रिंग पाने, एक फीलर गेज (बारीक फटी मोजण्याच्या पट्ट्या), ग्रीस गन आणि डोके तांब्याचे असलेली जड हातोडी एवढे घेतले की बहुतेक कामे होतात. या हातोडीशिवाय तारेच्या (स्पोकच्या) चाकांचे नट सोडवायला बसू नये. कारण पुढे येईल.

पायरी ३ : चावी फिरवावी, पण स्टार्टर लगेच मारू नये

एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तो उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. उत्तरार्धातील गाड्यांत त्याचे विजेचे टोक डिकीत आले. चावी फिरवताच तो टक, टक, टक असा वाजू लागतो. आतला पडदा प्रत्येक टकेला थोडे पेट्रोल पुढे ढकलतो. दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की दाब वाढतो आणि पंप आपोआप थांबतो. म्हणजे हा आवाज पेट्रोल पोहोचत असल्याची पावती आहे, आणि तो ऐकण्याची सवय लावून घेतली तर स्टार्टर मारण्यापूर्वीच बऱ्याच गोष्टी कळतात.

पंप काही टके देऊन शांत झाला तर सर्व ठीक आहे. इंजिन बंद असताना अर्ध्या-एक मिनिटाने एखादी टक ऐकू आली तरी काळजीचे कारण नाही. टकटक न थांबता घाईघाईने चालूच राहिली तर टाकी रिकामी आहे किंवा पंपाकडे येणारी नळी हवा ओढत आहे. टकटक सावकाश पण न थांबता चालू राहिली आणि त्याच वेळी पेट्रोलचा वास आला तर एखाद्या कार्बोरेटरच्या वाटीतील सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहत आहे. अशा वेळी चावी लगेच बंद करावी आणि बॉनेट उघडून पाहावे, कारण दोन्ही कार्बोरेटरच्या अगदी खालूनच तापलेला एक्झॉस्ट जातो.

आवाज अजिबात आला नाही तर बहुधा पंपाच्या आतील संपर्काच्या टिकल्या चिकटलेल्या किंवा काळवंडलेल्या असतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यावर हे हमखास होते. चावी चालू ठेवून पंपाच्या अंगावर लाकडी मुठीने हलकेच ठोकले की तो पुन्हा बोलू लागतो आणि तुम्ही घरी पोहोचता. त्यानंतर मात्र त्या टिकल्या साफ करून घ्याव्यात. ठोकण्याचा उपाय रस्त्यावर अडकल्यावरचा आहे, रोजचा नाही.

पायरी ४ : चोक, दोन कार्बोरेटर आणि पितळी टोपीखालचे तेल

एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरविषयी जितकी भीती पसरली आहे तितके ते अवघड नाहीत. त्यांत हलणारे भाग थोडे आहेत आणि प्रत्येकाची तपासणी हाताने करता येते. या पायरीला एक सुटीची सकाळ द्यावी.

चोकपासून सुरुवात करू. या कार्बोरेटरमध्ये चोक हवा अडवत नाही. तो पेट्रोलची जेट नळी खाली ओढतो, त्यामुळे सुई आणि नळी यांच्यातील फट वाढते आणि पेट्रोल जास्त येते. दांडा ओढण्याच्या पहिल्या टप्प्यात मात्र जेट हलतच नाही, फक्त थ्रॉटल किंचित उघडते. या दोन टप्प्यांची माहिती नसलेले मालक गाडी तापेपर्यंत दांडा अर्धा ओढून ठेवतात, प्लग काळे करतात आणि पेट्रोल जास्त जाते म्हणून तक्रार करतात. थंड सकाळी दांडा पूर्ण ओढून इंजिन सुरू करावे, ते धरले की लगेच पहिल्या टप्प्यापर्यंत आत सोडावा, आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर पूर्ण आत ढकलावा. दांडा आपोआप आत जात असेल तर मूठ किंचित पिळून पाहावी; तशी ती जागेवर अडकते.

आता प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावरची छोटी टोपी हाताने फिरवून काढावी. तिच्याखाली एक बारीक दांडी असते आणि ती ज्या नळीत उतरते त्या नळीत तेल असायला हवे. गाडी जोरात रेस केली की आतला पिस्टन झटकन वर उडू नये, क्षणभर रेंगाळावा आणि त्या क्षणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढले जावे, यासाठी हे तेल आहे. ते संपले की गाडी पायाखाली एकदम दबते, अडखळते आणि मग धावते. या लक्षणावरून इग्निशनचे अर्धे भाग बदलून घेतलेले लोक मला भेटले आहेत, आणि प्रत्यक्षात कमी होते ते चमचाभर तेल. तेलाची पातळी पाहण्यासाठी वेगळे मोजमाप लागत नाही. टोपीची दांडी हळूहळू आत सोडावी. टोपी बसायला साधारण ६ मिमी उरले असताना बोटाला अडथळा जाणवला तर पातळी बरोबर आहे. अडथळा जाणवलाच नाही तर तेल घालावे. इंजिनात घालतो तेच २०डब्ल्यू-५० चालते. शिलाई मशीनचे पातळ तेल घालू नये.

टोपी काढलेलीच असताना पिस्टन बोटाने वर उचलून सोडावा. तो खाली पडताना धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट 'टक' आवाज आला पाहिजे. आवाज न येता तो रेंगाळत उतरला तर आत घाण साचली आहे किंवा जेट मध्यभागी नाही. साफ करण्यासाठी वरचे घुमट काढायचे झाल्यास एका वेळी एकच काढावे, कारण प्रत्येक घुमट आणि त्यातला पिस्टन एकमेकांसाठी घासून बसवलेली जोडी आहे. त्यांची अदलाबदल झाली की गाडी पुन्हा कधी सुरळीत चालत नाही आणि कारण कोणालाच सापडत नाही.

मिश्रण तपासण्याची सोयही कारखान्याने देऊन ठेवली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कार्बोरेटरच्या बाजूला, खालच्या अंगाला एक छोटी खिळ्यासारखी पिन असते. इंजिन पूर्ण तापलेले आणि आयडलिंगवर असताना ती बोटाने वर ढकलावी. आधी थोडी मोकळी चाल लागते, मग पिस्टन जाणवतो, आणि तेथून तो जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडू लागले तर पेट्रोल कमी आहे. वेग किंचित वाढून पुन्हा होता तेथे आला तर मिश्रण बरोबर आहे. दुरुस्ती करायची असल्यास जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू फिरवावा. नट खाली गेला की पेट्रोल वाढते, वर गेला की कमी होते. त्याआधी दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढत आहेत ना, हे पाहण्यासाठी एअर फिल्टर काढून हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरावे. दोन्हीकडची फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू जुळवावेत. या कामात कान यंत्राइतकाच विश्वासू ठरतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पायरी ५ : विजेची तार कोणत्या दिशेने धावते ते पाहावे

१९६७ च्या अखेरपर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. मधल्या काळात अनेक मालकांनी ही जोडणी फिरवून घेतली आहे, त्यामुळे गाडीच्या सालावर विसंबू नये. आसनांमागील झाकण उघडावे, बॉडीला बोल्टने कसलेली जाड तार शोधावी आणि ती बॅटरीच्या कोणत्या ध्रुवाकडे जाते ते डोळ्यांनी पाहावे. झाकणाखाली बारा व्होल्टची एक बॅटरी नसून सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकीमागे एक जोडलेल्या, दिसल्या तर दचकू नये. रबरी बंपरची गाडी येईपर्यंत तीच मूळ रचना होती. त्यांतील एकच बॅटरी खराब झाली तरी गाडी पूर्ण मेल्यासारखी वागते, म्हणून प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजावा.

बॉडीला धन ध्रुव असलेल्या गाडीत आजकालचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर सरळ जोडला तर तो जळतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची वेळ आली तर नेहमीप्रमाणे धन ध्रुवाला धन आणि ऋणाला ऋण जोडावे, परंतु दोन्ही गाड्यांचे बंपर किंवा पत्रे एकमेकांना लागू देऊ नयेत. लागले तर थेट शॉर्टसर्किट होते.

तारांचे रंग पाठ करावेत, कारण गाडीतील विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या पद्धतीत रंग म्हणजेच नकाशा आहे. तपकिरी तार बॅटरीतून थेट येते आणि तिला फ्यूज नसतो. पांढरी तार चावी फिरवल्यावर जिवंत होते आणि तिलाही फ्यूज नसतो. इग्निशन आणि पेट्रोल पंप याच रंगावर चालतात. पांढरी तार फ्यूजमधून बाहेर पडली की हिरवी होते, तपकिरी बाहेर पडली की जांभळी. काळी नेहमी अर्थिंगची असते. एवढे लक्षात असले की एखादे उपकरण बंद पडल्यावर कोणत्या ठिकाणी वीज शोधायची हे दोन मिनिटांत कळते. बहुतेक वेळा बिघाड सापडतो तो अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात किंवा पितळी टोकांच्या ढिल्या जोडणीत, आणि दुरुस्ती होते ती बारीक सँडपेपरने.

पायरी ६ : रस्त्यावर : गिअर आणि ओव्हरड्राइव्ह

१९६७ पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर करकर न करता बसवणारी यंत्रणा, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. थांबल्यावरही करकर होत असेल तर आधी दुसऱ्यात घालून मग पहिल्यात आणावा. याच गिअरबॉक्सची तेल मोजण्याची डिपस्टिक गाडीच्या आत आहे. मधल्या उंचवट्यावरची सतरंजी उचलली की एक रबरी बूच दिसते, त्याच्या खाली हात घातला की काडी सापडते. अनेक मालकांनी वर्षानुवर्षे ती पाहिलेली नसते, कारण तिथे काही असेल असे कोणाच्या मनातच येत नाही. त्यात गिअरचे घट्ट तेल घालू नये; इंजिनाचेच तेल घालावे.

हे तेल ओव्हरड्राइव्हलाही लागते, कारण गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकाच साठ्यावर चालतात. लेकॉक बनावटीचे हे यंत्र गिअरबॉक्सच्या मागे बसवलेले असते आणि बटण दाबले की क्लच न दाबता इंजिनाचा वेग सुमारे एक-पंचमांशाने उतरतो. ते फक्त तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागते, १९७७ पासून तर फक्त चौथ्यात. दुसऱ्या गिअरमध्ये बटण दाबूनही काही होत नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. मागे जाताना ते चुकून लागले तर आतला एकतर्फी क्लच मोडेल, म्हणून गिअरबॉक्सवरचा एक छोटा स्विच त्याला अडवून धरतो. तिसरा गिअर अधिक ओव्हरड्राइव्ह म्हणजे जवळजवळ चौथा गिअर. वळणावळणाच्या रस्त्यावर तिसऱ्यातच राहून केवळ बोटाने दोन वेग वापरता येतात, आणि या गाडीचा खरा आनंद मला तिथेच मिळतो.

माझ्या गाडीचे ओव्हरड्राइव्ह पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडले. एका गॅरेजने गिअरबॉक्स आणि इंजिन दोन्ही बाहेर काढावे लागतील असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा लिहून दिला. त्या संध्याकाळी मी इंजिन बंद ठेवून चावी चालू केली, चौथा गिअर टाकला, बटण दाबले आणि कान उंचवट्याला लावला. खटका ऐकू आला नाही. म्हणजे यंत्रापर्यंत वीजच पोहोचत नव्हती. गाडीखाली टॉर्च घेऊन सरकलो तेव्हा त्या छोट्या स्विचवरून निसटलेली तार लोंबकळताना दिसली. ओव्हरड्राइव्ह बंद पडल्यावर याच क्रमाने जावे : आधी खटका, मग तारा, मग तेलाची पातळी, आणि हे तिन्ही ठीक असतील तरच पुढचा विचार करावा.

पायरी ७ : तारेची चाके

तारेची चाके असलेल्या गाडीवर चार-पाच नटांऐवजी मध्यभागी एकच मोठा, दोन कानांचा नट असतो. डाव्या बाजूच्या नटाला सरळ आटे असतात आणि उजव्या बाजूच्या नटाला उलटे. पाठांतराची गरज पडू नये म्हणून मी नव्या मालकांना एकच गोष्ट सांगतो : नटाचा वरचा कान गाडीच्या तोंडाकडे ढकलला की नट सुटतो, शेपटीकडे ढकलला की आवळतो. दोन्ही बाजूंना हा नियम सारखाच लागू पडतो. नटावर बाणही कोरलेला असतो, परंतु तो सोडवण्याची दिशा दाखवतो. घाईत तो आवळण्याचा समजून नट सैल करून निघालेली माणसे आहेत.

आट्यांची ही दिशा विचार करून ठरवलेली आहे. गाडी पुढे धावत असताना भाराखाली चाक आणि नट यांच्यात अतिशय सूक्ष्म सरक होत राहते आणि ती नटाला आवळण्याच्या दिशेने नेते. दुरुस्तीच्या वेळी कोणी डाव्या बाजूचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) उजवीकडे बसवला तर हीच सरक नट सोडवत जाईल आणि चाक निखळेल. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर चारही नट कोणत्या दिशेने सुटतात ते पहिल्याच दिवशी पडताळावे.

नट सोडवताना तांब्याच्या हातोडीने कानावर घाव घालावा. तांबे मऊ असल्यामुळे मार स्वतः खाते. लोखंडी हातोडीने क्रोमचा थर उडतो आणि कान वाकतो. गाडी जमिनीवर असताना पहिला घाव घालून नट ढिला करावा, मग जॅक लावावा. बसवताना याच्या उलट : चाक हवेत असतानाच नट हाताने पूर्ण फिरवून, मग हातोडीने घट्ट करावा, म्हणजे चाक आपल्या शंकूत मधोमध बसते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा एकदा घाव घालून पाहावा. तोच नट पुन्हा पुन्हा सैल सापडत असेल तर आवळत बसू नये, आत काहीतरी झिजले आहे.

ही झीज ओळखण्याची रीत सोपी आहे. एक चाक जॅकवर घ्यावे, कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगावे आणि दोन्ही हातांनी चाक पुढे-मागे हलवावे. खट-खट जाणवली तर हबवरच्या खाचा झिजल्या आहेत. पुढे निघताना किंवा मागे घेताना ऐकू येणारा एकच 'खट्' बहुधा याचाच असतो, आणि तो निरुपद्रवी नाही. खाचांचे दात चांगले असताना चौकोनी माथ्याचे दिसतात, झिजले की करवतीसारखे टोकदार होतात. टोकदार दात दिसले की हब आणि चाक दोन्ही बदलावेत, कारण नव्या चाकाला जुना हब लवकरच खातो. वर्षातून एकदा चाके काढून खाचांना ग्रीस लावावे.

पायरी ८ : टॅपेट आणि नऊची बेरीज

आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातील आहेत. दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील. अ‍ॅम्बॅसेडरवर आयुष्य घालवलेला मेकॅनिक एमजीबीच्या बॉनेटखाली डोकावला तर त्याला बरेच काही ओळखीचे वाटेल.

टॅपेट जुळवताना, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातील फट ठरवताना, कोणता व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे हे शोधत बसावे लागत नाही. पुढून मागे आठ व्हॉल्व्ह मोजावेत. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट जुळवावी, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची, चौथा दाबलेला असताना पाचव्याची; दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ आली पाहिजे. इंजिन हळू फिरवण्यासाठी सर्व प्लग काढावेत, गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवावी आणि सपाट जागेवर हाताने ढकलावी. बहुतेक इंजिनांना थंड असताना ०.०१५ इंचाची फट लागते. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावा. टॅपेटची हलकी टिकटिक असू द्यावी. ती नाहीशी करण्यासाठी फट कमी केली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

प्रत्येक व्हॉल्व्हची मोजलेली फट दर वेळी वहीत टिपून ठेवणे आवश्यक आहे. जुन्या पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, आणि ज्या हेडमध्ये कठीण बैठका बसवलेल्या नाहीत त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो. त्याचा आवाज येत नाही, धूर येत नाही. फक्त त्याच व्हॉल्व्हची फट प्रत्येक वेळी कमी भरते. वहीत तसे दिसले की हेड उतरवून बैठका बदलून घ्याव्यात.

पायरी ९ : पाणी, ग्रीस आणि पत्रा

पावसानंतर पायाखाली पाणी आले तर दारांची रबरे बदलण्यापूर्वी काचेच्या समोरची जाळी पाहावी. तेथून हीटरसाठी हवा आत जाते आणि तेथूनच आलेले पावसाचे पाणी एका रबरी नळीने खाली सोडलेले असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही नळी पानांनी तुंबते आणि पाणी हीटरमार्गे आत उतरते. बाहेरून लवचिक तार सारून ती मोकळी करता येते.

पुढच्या प्रत्येक चाकामागे ग्रीसचे तीन निपल आहेत. तेथे दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस भरावे, आणि ते जॅक लावून चाकावरचा भार काढून भरावे. भार असताना ज्या पृष्ठभागाला ग्रीस हवे तिथेच ते शिरत नाही. याच ठिकाणचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दांड्यांचे असून त्यांत तेल असते, तेही तपासावे.

उघड्या गाडीला छपराचा आधार नसल्यामुळे तिची ताकद दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आहे. दार बंद असताना मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे. मग गाडी बाजूने जॅकवर उचलून तीच फट पुन्हा पाहावी आणि दार उघडून बंद करून पाहावे. फट बदलली किंवा दार अडकले तर वरून रंग कितीही चकचकीत असला तरी आतली पट्टी गंजली आहे. ती कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घ्यावा, नाहीतर बॉडी मध्येच खचते आणि नवी पट्टी त्या वाकलेल्या आकारातच पक्की होते. हे काम आवाक्याबाहेरचे वाटले तर नव्या बॉडीचाही पर्याय आहे. मूळ साचे वापरून एमजीबीच्या संपूर्ण बॉडी १९८८ पासून पुन्हा बनवल्या जाऊ लागल्या.

पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र पहिल्याच महिन्यात बदलाव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, भारतात त्याहून अधिक, आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते, मग तडकते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या अंगावर तसे छापून मिळतात. नळी बोटांत वाकवून पाहावी. वाकवलेल्या जागी केसाएवढ्या भेगा दिसल्या तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.